घोरणाऱ्याचा पहिला महिना: गोव्यात स्लीप ॲप्नियासोबत राहताना

मी डॉक्टर नाही. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअर सांभाळतो, फोंड्यात राहतो आणि तीन वर्षांपासून रात्री हवेच्या मशीनचा मास्क नाकावर चढवून झोपतो. ओळखीत कुणाला स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराचं निदान झालं की लोक माझा नंबर देतात. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. उपचार काय घ्यायचे हे डॉक्टर ठरवतील. मी सांगतोय ते त्यांच्या केबिनबाहेर पडल्यानंतरचं.

आधी साक्षीदाराचं ऐका

हा आजार ज्याला असतो त्यालाच तो दिसत नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मागचा मऊ टाळू श्वासाच्या वाटेत येतात आणि वाट बंद होते. छाती-पोट हलत असतं, पण हवा आत जात नाही. असा श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू खडबडून क्षणभर जागा होतो, मोठा घुरका येऊन श्वास सुटतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम सुटत नाही असाही एक प्रकार आहे, पण तो कमी आढळतो.

बायको सांगायची, "अहो, तुम्ही मध्येच थांबता. मी आकडे मोजत बसते." मी म्हणायचो, दमलोय म्हणून घोरतो, त्यात काय! फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह, म्हणजे घशाची वाट बंद होणाऱ्या स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. बातमी ऐकून तिने त्याच रात्री माझं घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. सकाळी चहाबरोबर ऐकवलं. घोरण्यावर आम्ही दोघंही हसलो. मग आवाज बंद झाला आणि मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. ते संपलं नव्हतं.

तेव्हा पहिलं काम हेच: दोन-तीन रात्री रेकॉर्डिंग करा. शेजारी झोपणारं कुणी असेल तर त्याला विचारा आणि त्याच्याशी वाद घालू नका. डॉक्टरांकडे जाताना ते रेकॉर्डिंग आणि तो माणूस, दोन्ही घेऊन जा.

दिवसाची खूण ओळखा

मला वाटायचं मी रात्री मस्त झोपतो. झोप नव्हतीच ती, पण ते दिवसा कळायचं. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं. जत्रेतल्या नाटकाला पहिल्या अंकातच डोळा लागायचा. स्टॉकच्या वहीत एकच ओळ दोनदा लिहायचो. घरच्यांवर विनाकारण चिडायचो. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचो, म्हणून आधी साखर तपासली, मग प्रोस्टेट. श्वास अडला की छातीत ओढ बसते, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारा हार्मोन सुटतो, हे मला फार उशिरा कळलं. गोळ्या घेऊनही रक्तदाब उतरत नसेल तर तीही एक खूण धरा.

एपवर्थ नावाची एक साधी प्रश्नावली आहे, ऑस्ट्रेलियात १९९१ मध्ये तयार झालेली. वाचताना, टीव्ही बघताना, कुणाशी बोलत बसलेलं असताना, गाडीत तासभर मागे बसलेलं असताना अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. चोवीसपैकी दहाच्या वर गेलात तर डॉक्टर गाठा. त्यात एक प्रश्न आहे, दुपारी आडवं झाल्यावर झोप लागते का? गोव्यात त्याला सगळेच तीन गुण देणार. आपल्याकडे एक वाजला की दुकानाचं शटर खाली येतं, त्यामुळे दुपारची झोप ही आमच्यात खूण धरता येत नाही. खूण ती, की दुपारी तासभर झोपूनही पाच वाजता पुन्हा डोळे मिटतात.

जाडेपणा हे मोठं कारण खरंच, चाळीस सेंटिमीटरहून जाड मान हीसुद्धा तपासणीतली एक खूण आहे. पण लहान जबड्याच्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो. बायकांचं बहुतेकदा राहून जातं. पाळी गेल्यावर त्यांच्यात प्रमाण वाढतं, पण तक्रार घोरण्याची नसते. थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं अशी असते, आणि त्यांना "टेन्शन घेऊ नका" सांगून परत पाठवतात. मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) तपासून घ्या.

कुठे जायचं, चाचणीत काय होतं

कान-नाक-घशाचे किंवा छातीचे डॉक्टर. सरकारीत जायचं तर बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, किंवा म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतल्या ओपीडीपासून सुरुवात करा. दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड किंवा खासगी विमा असेल तर चाचणी, ॲडमिशन आणि मशीन या तिन्हींबद्दल वेगवेगळं विचारा. एकाला हो म्हटलं म्हणजे तिन्हींना हो, असं नसतं.

चाचणी दोन प्रकारची. रुग्णालयात रात्रभर झोपायचं, ती मोठी: डोक्याला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारी क्लिप. घरी करायची ती छोटी, तारा कमी. मोठ्या चाचणीच्या दिवशी केस धुवा आणि खोबरेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. आमच्याकडे डोक्याला तेल न लावता घराबाहेर पडणं जड जातं, पण एक दिवस काढा. नखांना रंग नको, दुपारची झोप नको, दुपारनंतर चहा-कॉफी नको. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. आपली उशी न्या. "इतक्या तारांत झोप कशी लागणार?" असं प्रत्येक जण विचारतो. लागते. आपल्याला झोपेची उधारी इतकी असते की कुठेही लागते.

अहवालातले तीन आकडे

पहिला एएचआय: तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. माझा ३८ होता. म्हणजे दर दीड मिनिटाला कुणीतरी खांद्याला धरून हलवावं आणि हे रात्रभर चालावं. दुसरा, प्राणवायू सर्वांत खाली किती गेला. तिसरा बरेच जण बघत नाहीत: उताणं झोपल्यावरचा एएचआय आणि कुशीवरचा. या दोनांत मोठा फरक असेल तर नुसती कूस सांभाळूनही बरंच साधतं. पाठीला चेंडू शिवलेला सदरा हा जुना उपाय हसण्यासारखा वाटतो, पण आकडा सौम्य असेल आणि उताणं झोपण्याशीच बांधलेला असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

सौम्य-मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं साधन चालतं. ते दातांच्या डॉक्टरकडून मापाने करून घ्यावं लागतं, ऑनलाइन मागवलेलं प्लास्टिक नव्हे. वजनाचा हिशेब असा की दहा टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्याने उतरतो. लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र आजारासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला मान्यता मिळाली. त्याबद्दल डॉक्टरांशीच बोला, जिममधल्या मित्राशी नको. जयपूरला तीसेक रुग्णांवर शंख फुंकण्याचा एक छोटा अभ्यास झाला, २०२५ मध्ये तो छापून आला, आणि फुंकणाऱ्यांची दिवसाची झोप कमी झाली. तेव्हापासून आमच्या देवळातल्या आरतीला शंख फुंकायला मी पुढे असतो. मशीन मात्र परत केलेलं नाही.

मशीन: आधी भाड्याने

सीपॅप म्हणजे हवेचा हलका दाब देणारा पंप. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी तो जगापुढे मांडला, आणि कल्पना इतकी साधी की हसू येतं: घसा मिटू नये म्हणून आतून हवेची टेकण. दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात, चारपासून वीसपर्यंत. तुमचा दाब चाचणीवरून ठरतो. शेजाऱ्याचं मशीन लावून बघणं म्हणजे शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं.

माझी पहिली चूक मास्कची. ज्या दुकानातून घेतला तिथल्या माणसाने खुर्चीवर बसवून मास्क लावला, "परफेक्ट" म्हणाला आणि बिल दिलं. घरी आडवा झालो तर नाकाच्या कडेने हवा थेट डोळ्यांत. आडवं झाल्यावर गाल सरकतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो. म्हणून मास्क आडवं होऊन, मशीन सुरू करून, कूस बदलून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. नाकापुरता मास्क, नाकपुड्यांत बसणाऱ्या उशा आणि नाक-तोंड झाकणारा मोठा, असे तीन प्रकार. तोंडाने श्वास घेणाऱ्याला बहुधा मोठा लागतो. दाढी-मिशांतून हवा गळते. मी मिशी कापली नाही, मास्क बदलला.

महिनाभर भाड्याने वापरा, मग विकत घ्या. जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून फिलिप्सने जून २०२१ मध्ये लाखो मशीनं परत बोलावली होती. तसलं एखादं अजून कुणाच्या माळ्यावर असेल. मॉडेल नंबर तपासल्याशिवाय हात लावू नका.

पहिला महिना

मशीन सोडणारे बहुतेक जण इथेच सोडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिले चार-पाच दिवस मास्क रात्री लावूच नका, संध्याकाळी लावा. सातच्या बातम्या बघताना अर्धा तास, बसून, मशीन सुरू ठेवून. घुसमट वाटली तर काढा, परत लावा. झोपेच्या वेळी पहिल्यांदा लावलात तर मास्क आणि जागरण यांची मनात गाठ बसते, ती मग सुटत नाही. रॅम्प नावाची सोय असते, दाब कमी ठेवून हळूहळू वाढवणारी. ती सुरू करून घ्या. श्वास सोडताना दाब उतरवणारी सोयही बऱ्याच मशीनमध्ये असते.

हवा गळतेय म्हणून पट्टे आवळत सुटू नका. आवळलं की रबराची गादी दबते आणि आणखी गळतं, वर नाकाच्या हाडावर व्रण. सैल करा, मास्क चेहऱ्यावरून जरा उचलून हवेने गादी फुगू द्या, मग टेकवा. नाक चोंदलेलं असेल तर झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे. सकाळी तोंड कोरडं पडत असेल तर तोंडातून हवा जातेय. पोटात गुबारा धरून ढेकर येत असतील तर हवा गिळली जातेय, दाबाबद्दल डॉक्टरांना सांगा. स्वतः दाबाचे आकडे फिरवू नका.

मध्यरात्री जाग आली आणि मास्क उशीखाली सापडला, असं होणारच. मला आठवतसुद्धा नसायचं कधी काढला. परत लावायचा. पहाटेच्या झोपेतच स्वप्नं जास्त पडतात, त्या वेळी घसा सर्वांत ढिला असतो, म्हणून "रात्री दोनपर्यंत लावला, पुरे" हा हिशेब चुकतो. दुपारच्या झोपेलाही मास्क लागतो. हे ऐकून लोक सर्वांत जास्त नाराज होतात.

काहींना दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं. मला तीन आठवडे काही फरक वाटला नाही, मशीन परत करायचं ठरलंही होतं. एका सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भोंप्याने जाग आली आणि लक्षात आलं की रात्री एकदाही उठलो नव्हतो. महिन्यानंतर मशीनच्या कार्डावरचे किंवा ॲपवरचे आकडे डॉक्टरांना दाखवा: किती तास लावला, किती गळती, उरलेला एएचआय किती. तो पाचाखाली असावा.

पावसाळा, लाइट आणि पाणी

माहितीपत्रकं कोरड्या हवेच्या देशात लिहिलेली असतात. त्यात हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरचं कौतुक असतं. आपल्याकडे जूनमध्ये भिंतीतून पाणी पाझरतं. पहिल्या पावसाळ्यात मी एसी लावून, ह्युमिडिफायर मोठ्या आकड्यावर ठेवून झोपलो आणि दीड वाजता नाकात गुळगुळ करत पाणी. थंड खोलीत नळीतली ओली हवा थंडावते आणि पाणी सुटतं. ह्युमिडिफायरचा आकडा उतरवा, मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवा म्हणजे पाणी मागे ओघळेल, नळीवर कापडी खोळ चढवा. जुलै-ऑगस्टमध्ये मी तो बंदच ठेवतो.

ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, विहिरीचं किंवा नळाचं नाही. उरलेलं सकाळी ओता. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने पुसा, चेहऱ्याचं तेल राहिलं की गळती. नळी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवून सावलीत टांगा. उन्हात ठेवलीत तर कडक होते, नीट वाळली नाही तर बुरशी धरते. पावसात मी ती पंख्याखाली टांगतो. डेटॉल, ब्लीच, उकळतं पाणी नको. ओझोनची शुद्धीकरण यंत्रंही नकोत.

लाइट जाणारच. मशीन बंद पडलं तर घुसमटून मरणार का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारतात. नाही. मास्कला भोकं असतात, मोठ्या मास्कला बंद पडताच उघडणारी झडप असते, आणि तुम्हाला जागही येते. पण रात्र वाया जाते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर प्लग घ्या. ह्युमिडिफायर बंद असताना मशीन फार तर तीस-चाळीस वॅट खातं. आठ तासांचे झाले सव्वातीनशे वॅट-तास. १२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, त्यातली निम्मी धरली तरी पंख्यासकट रात्र निघते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असू द्या.

गाडी, हुर्राक, ऑपरेशन

फर्मागुडीच्या उतारावर एका सकाळी माझी स्कूटर डाव्या बाजूच्या मातीवर गेली. डोळे उघडे होते, माणूस जागा नव्हता. उपचार सुरू होऊन दिवसाची झोप जाईपर्यंत दुचाकी आणि लांबची गाडी दुसऱ्याला द्या, चोर्ला आणि अनमोड घाट तर नकोतच. काच उघडणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांनी झोप जात नाही. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं डुलकी काढली तर थोडा वेळ निभावतं.

मार्च-एप्रिलमध्ये हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू येते आणि संध्याकाळी बोलावणी येतात. दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि जागही उशिरा येते. मी सांगून ऐकणारे थोडे, म्हणून एवढंच: झोपण्याआधी चार तास काही नाही, आणि प्यायलात त्या रात्री मास्क चुकवू नका. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. कुठलंही ऑपरेशन असेल, मोतीबिंदूचंसुद्धा, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं सांगा आणि मशीन सोबत न्या.

प्रवास आणि चवथ

विमानतळ दाबोळीचा असो वा मोपाचा, मशीन सामानात टाकू नका, हातात न्या. टाकी रिकामी करा. एअरलाइनला आधी फोन करा, डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. शंभर वॅट-तासांपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये चालते, त्याहून मोठीला परवानगी लागते. कोकणकन्येने जाणार असाल तर प्लगवर विसंबू नका, रात्री अकरा ते पहाटे पाच चार्जिंग बंद ठेवण्याची रेल्वेची पद्धत आहे. बॅटरी न्या, नाहीतर दिवसाची मांडवी एक्स्प्रेस पकडा.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी आम्ही पंचवीस माणसं एकाच खोलीत ओळीने झोपतो. पहिल्या वर्षी मी मशीन नेलं नाही, लाज वाटली. दोन रात्री घोरलो आणि सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या वर्षी नेलं. नळी बघून पुतणी ओरडली, "काका गणपती जालो!" सोंड बघायला अख्खी बालवाडी जमली. वयनी म्हणाली, यंदा झोप लागली हो. मशीनचा आवाज माझ्या घोरण्यापुढे काहीच नव्हता. एक लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड न्या, माटोळीखालचा (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखालचा) प्लग दिव्यांच्या माळेने अडवलेला असतो. आणि मशीन जमिनीवर ठेवणार असाल तर खाली पाट घ्या, रांगोळीची पूड फिल्टरमध्ये जाते.

फिल्टर बदलायची तारीख मी कालनिर्णयवर संकष्टीच्या चौकोनात लिहितो. ती बायको बघते, मी नाही.